सुनेच्या पिंजऱ्यात चार दिवस

ईडन प्रेरी

मुलाच्या घरी पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडलं तर आत एक बाई उभी होती. तिला डोकं नव्हतं. हातही नव्हते. बाकी सगळं शाबूत होतं आणि छातीपासून कमरेखालपर्यंत नाड्यांनी करकचून आवळलेलं होतं. कराड ते मिनेसोटा असा प्रवास करून माझे डोळे आधीच तारवटलेले, त्यात हे ध्यान. मी मागच्या मागे सरकले ती बॅगा घेऊन येणाऱ्या आमच्या ह्यांच्या अंगावरच आदळले.

"आजी, दॅट्स जस्ट मॉम्स डमी," सहा वर्षांची ईरा म्हणाली. नात माझ्याशी इंग्रजीत बोलते आणि मी तिच्याशी मराठीत. आमचं उत्तम चालतं.

कपडे बेतायला ठेवलेली ही बिनडोक्याची बाई म्हणजे माझ्या सुनेचा, मुग्धाचा छंद. मुग्धा पुण्याची, इकडे एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. गेली दोन वर्षं ती सुट्टीच्या दिवशी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या बायकांचे कपडे शिवते. हाताने शिवते. घरात शिवणयंत्र असूनही. राण्यांचे झगे नव्हेत, तर एखाद्या गावातल्या कापडदुकानदाराची बायको रोज जे नेसत-घालत असेल ते. तिच्यासारख्याच काही बायकांचा एक गट आहे. वर्षातून एकदा त्या शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहान गावी जमतात आणि तिथल्या जुन्या घरात त्या काळातल्यासारख्या राहतात. इंग्लंडहून आलेल्या एका कुटुंबाने दीडशे वर्षांपूर्वी अगदी तिकडच्या पद्धतीने बांधलेलं ते घर आता गावकऱ्यांनी जपून ठेवलंय. सुट्टीला लोक बघायला येतात.

"इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं तेवढं पुरलं नाही का?" आमच्या ह्यांनी पहिल्याच जेवणाला विचारलं.

"बाबा, राज्य त्यांच्या बायका नव्हत्या करत. त्या धुणं धूत होत्या," मुग्धा म्हणाली आणि तिने त्यांना आणखी आमटी वाढली.

मुग्धा आणि मी एकमेकींशी फार चांगल्या वागतो. इतक्या चांगल्या की कधीकधी कंटाळा येतो. ती मला काही मागत नाही, मी तिला काही सांगत नाही, आणि दोघी मिळून माझ्या मुलाच्या, निखिलच्या चुका काढतो. पण त्या महिन्यात तिने मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं. तिच्या नव्या झग्याच्या खालच्या काठाला आतून एक पट्टी लावायची होती, म्हणजे जमिनीवर घासून कापड फाटत नाही आणि पट्टी झिजली की तेवढीच बदलता येते. "म्हणजे फॉलच की गं," मी म्हटलं. साडीला फॉल लावण्यात माझी हयात गेली. पुढच्या तीन दुपारी मी तो घेर मांडीवर घेऊन बसले आणि त्या इंग्रज दुकानदारणीची नि माझी बरी ओळख झाली.

त्या दुपारीच मुग्धाने मनातलं सांगितलं. गटाच्या प्रमुख बार्बराबाई दरवर्षी रविवारी पाहुण्यांना एक व्याख्यान देतात. एका बाईला शमीजवर, म्हणजे आतल्या सुती झग्यावर, उभी करून तिला एकेक कपडा चढवत न्यायचं आणि प्रत्येक कपडा कशासाठी, तो घालून बाई काय काम करू शकायची, हे समजावून सांगायचं. बार्बराबाईंना आता फार वेळ उभं राहवत नाही. या वर्षी त्यांनी ते मुग्धाकडे दिलं होतं. जमलं तर पुढेही तिचंच, नाही जमलं तर त्या दुसरी कोणी बघणार.

"ऑफिसात मी दिवसभर जे करते ना आई, ते हातात धरून दाखवता येत नाही," मुग्धा म्हणाली. "हे मला नीट करून दाखवायचंय."

एवढं ऐकल्यावर मीही तिच्याबरोबर जायचं ठरवलं. ईराला सांभाळायला तिचे आजोबा आणि बाबा होतेच.

शुक्रवार

मुग्धा गाडी चालवत होती आणि मी खिडकीतून मका बघत होते. इतका मका मी जन्मात पाहिला नव्हता. मध्येच मिसिसिपी आली. तीस वर्षं मी शाळेत मुलींना फळ्यावर काढून दाखवलेली नदी. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलेल्या बाईला नदी ओलांडताना पाण्यात नाणं टाकल्याशिवाय चैन पडत नाही, पण पुलावर गाड्या सुसाट चाललेल्या, काच खाली करायची सोय नाही. बसल्या जागी हात जोडले. मुग्धाने हसू दाबलेलं मला दिसलं.

गावात पोचल्यावर पहिला नियम कळला. फोन गाडीत ठेवायचा. दुसरा नियम, घराच्या आवारात आधुनिक कपडा दिसता कामा नये. "साडी चालेल का? साडी एकोणिसाव्या शतकातही होती," मी विचारलं. बार्बराबाई म्हणाल्या की होती, पण या घरात नव्हती. त्या पंचाहत्तरीच्या, निवृत्त परिचारिका, ताठ कण्याच्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं, आत गेल्या आणि एक तपकिरी झगा, टोपी नि बूट घेऊन आल्या. बुटांना बाजूने इलॅस्टिक होतं आणि ते मला एक माप मोठे होते. चालताना टाच आत वरखाली व्हायची.

कॉर्सेटची, म्हणजे नाड्यांनी आवळायच्या त्या ताठ काचोळीची, मला धास्ती होती. गुदमरून चक्कर येणाऱ्या बायकांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. मुग्धाने मागून नाड्या ओढल्या आणि विचारलं, "आई, त्रास होतोय का?" मी श्वास घेऊन पाहिला. त्रास सोडाच, माझी पाठ, जी निवृत्तीपासून कुरकुरतेय, ती एकदम गप्प झाली. कोणीतरी मागून दोन्ही हातांनी आधार दिल्यासारखं वाटत होतं. मुग्धाने सांगितलं की रोज काम करणारी बाई ते एवढंच आवळायची. जीव जाईपर्यंत आवळणाऱ्या थोड्या, बोलबाला त्यांचाच जास्त.

मग पिंजरा. क्रिनोलिन त्याचं नाव, पण त्या काळच्या बायकाही त्याला पिंजराच म्हणायच्या म्हणे. पोलादी पट्ट्यांची गोल कडी, एकाखाली एक, फितींना टांगलेली. तो कमरेला बांधायचा आणि वरून परकर नि झगा. मला वाटलं होतं लोखंड कमरेला बांधून फिरायचं, पण तो इतका हलका की मी दोनदा हात लावून खात्री केली. त्याआधी बायका एकावर एक पाच-सहा परकर घालायच्या, ते पायात यायचे. पिंजरा आला आणि पाय मोकळे झाले. नऊवारी नेसणाऱ्या माझ्या सासूबाईंना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, एवढा खटाटोप कशाला, काष्टा घाला की. पण पहिल्याच दारातून आत जाताना मी अडकले, आणि एक खुर्ची माझ्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत आली.

जेवायला माझ्या सन्मानार्थ जुन्या इंग्रजी पद्धतीची 'करी' केली होती. मी शाकाहारी म्हणून त्यात भाज्या, आणि आंबटपणासाठी सफरचंद. रंग पिवळा होता. बाकी आमटीशी तिचं काही नातं असलं तर ते फार लांबचं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "छान आहे, पण ही कोणाची आहे?" मुग्धाने याचं भाषांतर करायला नकार दिला. उकडलेल्या वाटाण्याचं जे पिठलंवजा काहीतरी होतं त्याच्यावर मात्र मी लोणी घालून ताव मारला. फोडणी नसलेलं वरण म्हणून ते कुठेही खपलं असतं.

शनिवार

धुण्याचा दिवस. परसात चूल, चुलीवर तांब्याचं मोठं भांडं, त्यात पांढरे कपडे रटरटत होते. हे झगे सहसा धूत नाहीत. आतली शमीज घाम टिपते, वरची कॉलर आणि मनगटाच्या पट्ट्या सुट्या असतात, तेवढ्या काढायच्या, धुवायच्या, परत टाचायच्या. पैठणी आपण कुठे धुतो? ब्लाऊज धुतो, साडी वाऱ्यावर टाकतो. हे मी बार्बराबाईंना सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि मला काठी दिली, कपडे ढवळायला.

शेवटच्या पाण्यात निळीची पुरचुंडी पडली आणि मला माझं लहानपण परसात उभं दिसलं. तीच नीळ, तीच खळ, तेच पिळताना दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशेला वळणं. माझ्यासमोर दुसरं टोक धरून मुग्धा होती. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वाढलेली ही मुलगी चादर पिळायला विस्कॉन्सिनला येऊन शिकली. पाणी सगळं माझ्या बुटांत गेलं आणि दोघी हसत सुटलो.

मला सगळ्यात आवडला तो खिसा. झग्याला खिसा नसतोच. खिसा वेगळा शिवतात, नाडीने कमरेला बांधतात आणि झग्याच्या शिवणीत ठेवलेल्या फटीतून हात घालून तिथपर्यंत पोचतात. बाईची सुई, किल्ली, चष्मा, खाऊ, सगळं त्यात. माझ्या आजीच्या कमरेला चंची असायची ती अशीच. कनवटीला काय आहे ते आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी माझ्या खिशात वेलदोडे आणि गुडघ्याची गोळी ठेवली.

दुपारी मुग्धाला आवाराच्या कार्यालयात फोन आला म्हणून बोलावलं. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळलंच.

"क्रिस्टनने कॅन्सल केलं," ती म्हणाली. "तिच्या मुलाला हाय फीव्हर आहे. येऊ शकत नाही."

क्रिस्टन म्हणजे तिची मैत्रीण, जिला उद्याच्या व्याख्यानात कपडे चढवायचे होते. मुग्धाने शिवलेलं सगळं क्रिस्टनच्या मापाचं. ती बुटकी आणि आडव्या अंगाची. गटातल्या बाकीच्या बायका ताडमाड उंच, शिवाय त्या वेळी प्रत्येकीला कुठलं ना कुठलं काम नेमून दिलेलं. बार्बराबाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या की मग उद्या त्या स्वतःच नुसतं बोलतील, बसून, आणि पुढचं पुढच्या वर्षी बघू.

इस्त्री निखाऱ्यांवर तापवून मुग्धा क्रिस्टनची शमीज इस्त्री करायला लागली. जी उद्या लागणार नाही ती शमीज. एकेक चूण सारखी करत होती. मी तिथेच बसले होते, बुटकी आणि आडव्या अंगाची, आणि तिने माझ्याकडे वर डोळे करूनसुद्धा पाहिलं नाही. तिने विचारलं असतं तर मी बहुतेक नाहीच म्हटलं असतं. पण तिने विचारलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

"मी उभी राहते," मी म्हटलं.

"अहो आई, काहीतरीच काय. शमीज आणि चड्डीवर उभं राहायचंय. फिफ्टी-सिक्स्टी लोकांसमोर."

"चड्डी घोट्यापर्यंत आहे. शमीजला कोपरापर्यंत बाह्या आहेत. माझ्या ब्लाऊजात याहून जास्त पाठ दिसते. आणि मला इथे ओळखतंय कोण?"

मुग्धाने इस्त्री बाजूला ठेवली. शमीज उचलून माझ्या खांद्याला लावून पाहिली. खांद्याला बरोबर बसली. "बाबांना सांगायचं नाही," मी म्हटलं. ती म्हणाली, "निखिललापण नाही." आमच्या दोघींचं असं पहिलंच गुपित.

रविवार

मुग्धाने मला बारीकसारीक सगळं सांगून ठेवलं होतं. शमीज, चड्डी, मोजे नि बूट घालून, वरून पायघोळ गाऊन अंगावर घेऊन मी परसातल्या खोलीतून निघायचं, पुढच्या व्हरांड्यातून बैठकीच्या खोलीत यायचं. तिथे एक मोठी लाकडी पेटी ठेवलेली, तिच्यावर सगळे कपडे रचलेले. पेटीच्या मागे उभं राहायचं आणि हसायचं. बाकी ती बघणार. बूट आधीच घातलेले आहेत हे मात्र लोकांना सुरुवातीला सांगायचं नाही. व्याख्यानाचा शेवट तोच होता. सगळे कपडे चढवून झाले की ती विचारणार, आता या बाईने बूट कसे घालायचे? कॉर्सेटमध्ये वाकता येत नाही, पिंजऱ्यामुळे पाय दिसत नाहीत. मग ती झग्याचा काठ दोन बोटांनी उचलणार आणि खालचे बूट दाखवणार. बूट सगळ्यात आधी. लोक हसणार, टाळ्या, संपलं.

मी गाऊन छातीशी धरून व्हरांड्यात आले. आतून मुग्धाचा आवाज येत होता, जरा चिरका, पण स्पष्ट. दाराच्या बाजूला भिंतीशी एक पुरुषी बुटांचा जोड आणि एक बायकी सँडलचा जोड नीट शेजारी शेजारी लावून ठेवलेला होता. मी ते पाहिलं, डाव्या पायाच्या बोटांनी उजवी टाच दाबली, मग उजव्याने डावी, मोठेच होते, सटकन निघाले. पायानेच त्या रांगेत सरकवले आणि आत गेले. यात मी काही विशेष केलं असं मला त्या वेळी मुळीच वाटलं नाही. दाराशी चपला दिसल्या की आपण आपल्या काढतो.

पेटीमागे जाऊन उभी राहिले, हसले, आणि गाऊन काढणार तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली टिकली दिसली. टिकली, हातात बांगड्या, अंगात सलवार-कमीज. शेजारी पांढरे केस नीट विंचरलेले, मोजे घातलेले एक गृहस्थ.

"अहो," काकू त्यांना म्हणाल्या. कुजबुजत म्हणाल्या असं त्यांना वाटत होतं. "ह्या आपल्यातल्या दिसतायत."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. साठ अनोळखी अमेरिकन माणसांपुढे मी निर्धास्त होते. पण एका मराठी काकांपुढे शमीजवर? माझी मूठ गाऊनवर घट्ट बसली. मुग्धाने गाऊन घ्यायला हात पुढे केला होता. चेहरा हसरा होता. तिने हळूच मान तिरकी केली. नको असेल तर नको, असं ती त्याही वेळी मला सांगत होती. मला तिचा राग आला आणि मायाही आली. मी गाऊन तिच्या हातात दिला.

काकांनी चटकन खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघायला सुरुवात केली. देव त्यांचं भलं करो.

मग मुग्धा बोलायला लागली आणि मी सगळं विसरून ऐकत राहिले. ही मुलगी एरवी जेवणाच्या टेबलावर दोन वाक्यांच्या वर जात नाही. कॉर्सेट चढवताना तिने सांगितलं की ब्रा नव्हती तेव्हा बाईचा भार कोण उचलायचं आणि झग्याचं वजन पोटात रुतण्याऐवजी कशावर पेललं जायचं. पिंजरा बांधताना तिने माझ्याकडून दोन पावलं झपझप टाकून घेतली. हे कपडे बाईला नुसती बाहुली करून ठेवायला नव्हते, ती म्हणाली, हे घालून ती भाकरी करायची, मुलं वाढवायची, पाणी आणायची. मागे भिंतीशी बार्बराबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"या कॉर्सेटमध्ये बाई गुडघ्यात वाकू शकते, कमरेत नाही," मुग्धाने सांगितलं, आणि त्याच क्षणी मला तळपायाला थंडगार लाकडी फरशी जाणवली.

मी खाली पाहिलं. पिंजऱ्याशिवाय काही दिसलं नाही. पायाची बोटं हलवून पाहिली. मोकळी हलली. पेटीआड असल्यामुळे लोकांना माझे पाय दिसले नव्हते, आणि मुग्धाचं लक्ष नाड्यांत. आता काय करायचं? अमेरिकेत मराठीचा केवढा फायदा असतो, चारचौघांत काहीही बोलता येतं. पण तिसऱ्या रांगेत काका-काकू कान देऊन बसलेले.

"मुग्धा, पाय," मी ओठ न हलवता म्हटलं.

"दुखतायत का? झालंच, पाच मिनिटं," ती म्हणाली आणि परकर माझ्या डोक्यावरून घातला. आतून मी आणखी काहीतरी म्हटलं, ते परकरातच राहिलं.

खिसा झाला, झगा झाला, कॉलर टाचून झाली. मुग्धाने माझा हात धरून मला पेटीच्या पुढे आणलं. आता तिच्या आवाजातला चिरकेपणा पार गेला होता. तिने लोकांना विचारलं, आता या बाईंनी बूट कसे घालायचे? कोणी काही, कोणी काही उत्तरं दिली. तिने ऐटीत काठ उचलला, माझ्या हातच्या फॉलसकट. खाली माझे मोजे होते. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर बघत होता.

मुग्धाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तिला पुढचं वाक्य नव्हतंच, कारण पुढे फक्त टाळ्या होत्या. दोन वर्षांची तिची मेहनत माझ्या अंगठ्याने खाल्ली.

मग तिसऱ्या रांगेतून हसू फुटलं. "अगं बाई, दाराशी काढले वाटतं बूट," काकू म्हणाल्या, आणि मग सगळ्यांना इंग्रजीत, अमेरिकेत उभी हयात गेलेल्या माणसाच्या सफाईने, सांगितलं की आमच्यात घरात येताना पादत्राणं दाराशी काढतात, आमचे हे डॉक्टर आहेत तरी त्यांचेही आत्ता बाहेरच आहेत. काकांनी पाय वर करून मोजे दाखवले. लोक खदखदून हसले. काकू स्वतः उठल्या, बाहेरून माझे बूट घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवले.

मी बूट घालायला वाकले. वाकले म्हणजे वाकायचा प्रयत्न केला. कॉर्सेटने अर्ध्यावर थोपवलं, पिंजरा मागून छत्रीसारखा वर उठला, आणि पुढच्या रांगेतल्या बाईने तोंडावर हात ठेवला. तशीच अर्धवट थांबून मी मुग्धाला म्हटलं, "बघतेस काय? सांग की त्यांना. नाहीच जमत."

तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी पेटलं. ती लोकांकडे वळली. हे मी तुम्हाला नुसतं सांगणार होते, ती म्हणाली, आता बघाच. आणि मला पुन्हा प्रयत्न करायला लावला, बसून, उभ्याने, एक पाय पेटीवर ठेवून. प्रत्येक वेळी का जमत नाही ते ती समजावत गेली. आता सांगा, तिने विचारलं, घरात एकटी असलेली बाई बूट विसरली तर काय करायची? एक छोटी मुलगी ओरडली, आईला बोलवायची.

"किंवा सुनेला," मुग्धा म्हणाली आणि तिचा स्वतःचा घेर सावरत ताठ पाठीने माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने माझा पाय उचलून बुटात घातला. मग दुसरा. तिचं डोकं माझ्या गुडघ्यांपाशी होतं आणि हात माझ्या पावलांवर. सून पायाशी बसली की सासूचा हात जिथे जातो तिथे माझा हात आपोआप गेला.

"सुखी राहा. औक्षवंत हो," मी तिच्या टोपीवर हात ठेवून म्हटलं.

एका बाईंनी विचारलं की ही त्या काळची इंग्रजांची पद्धत होती का. मुग्धाने वर बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"नाही," ती म्हणाली, "ही आमच्या घरची."

टाळ्या पडल्या त्या काकूंनी सुरू केल्या. नंतर त्यांनी गाडीतून चिवड्याचा डबा आणला. ती दोघं दीड तासावर राहतात, रविवारचं जुनी घरं बघत हिंडतात. काका माझ्याशी बोलताना अजूनही झाडाकडेच बघत होते.

बार्बराबाई शेवटी आल्या. मुग्धा माझा दंड धरून उभी होती, चांगलाच दुखेल इतका घट्ट. बाई म्हणाल्या की इतकी वर्षं बूट आधी घालायचे असं त्या लोकांना सांगत आल्या, लोक माना डोलवायचे, आज पहिल्यांदा ते त्यांना कळलं. व्याख्यान पुढच्या वर्षीही मुग्धाचंच. अट एकच, सासूबाईंनी येऊन बूट विसरायचे. मग त्यांनी चिवडा चाखला, थोडा वेळ विचार केला आणि मूठभर आपल्या खिशात टाकला.

सोमवार

निघायचा दिवस, पण सुट्टी असल्यामुळे घर पाहुण्यांना दुपारपर्यंत उघडं राहणार होतं, म्हणून सकाळीच सगळ्यांनी पुरता पोशाख करायचा होता. मुग्धा नि मी झोपायच्या खोलीतून तयार होऊन न्याहारीला निघालो. या वेळी मी बूट सगळ्यात आधी घातले होते आणि मुग्धाने ते दोनदा तपासले होते.

व्हरांड्यात आलो आणि दोघी थांबलो. दाराच्या बाजूला भिंतीशी बुटांची रांग होती. काळे, तपकिरी, बटणांचे, लेसचे, सगळे जोड नीट शेजारी शेजारी, टाचा भिंतीकडे. अगदी हळदीकुंकवाला घर भरलेलं असावं तसं. दाराच्या अगदी जवळ सर्वांत झिजलेला जोड होता तो बार्बराबाईंचा.

आत बाकांवर सगळ्या ओळीने मोज्यांत बसलेल्या. झगे, टोप्या, कॉलरी सगळं जागच्या जागी आणि खाली पाय मोकळे. बार्बराबाईंनी अतिशय गंभीरपणे जाहीर केलं की आज या घराचा नियम बदललेला आहे, आणि आता न्याहारीनंतर आपल्याला बूट कोण घालणार ते प्रत्येकीने पाहून ठेवावं.

आम्ही आमचे बाहेर काढून ठेवले. मुग्धाचे लेसचे होते, काढतानाच तिची तारांबळ उडाली. पाव आणि लोणी झालं, चहा झाला, आणि मग जो गोंधळ उडाला तो सांगता येणार नाही. एक बाई गुडघ्यांवर बसलेली, दुसरीचा पाय तिच्या हातात, तिसरी मागून पिंजरे दाबून धरतेय, बार्बराबाईंचे बूट चढवायला दोघी लागलेल्या आणि त्या परिचारिकेच्या आवाजात हुकूम सोडतायत. हसून हसून कॉर्सेटमध्ये पोट दुखायचीसुद्धा सोय नव्हती.

मी मुग्धाला बाकावर बसवलं, ताठ पाठीने तिच्यासमोर टेकले आणि तिचा बूट हातात घेतला. तिने पाय झटकन झग्याखाली ओढून घेतला.

"अहो आई, तुम्ही नका ना. माझ्या पायाला काय हात लावता?"

"पाय दे," मी म्हटलं. "या घरात चालतं."

मग तिने घेर जरासा उचलला आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला.